तट पडल्यावर नको, पावसाआधी पैसे द्या : किल्ले आणि लेणी सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
केंद्र व राज्य पुरातत्त्व विभागांचे अधिकारी, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि किल्ल्यांसाठी निधी मंजूर करणाऱ्या जिल्हा नियोजन समित्या

स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, जिंजी तमिळनाडूतला. आनंद आम्हालाही झाला. पण यादीत नाव लागल्याने फांजीवरची, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरची, मोरी मोकळी होत नाही, आणि राज्यातल्या साडेतीनशेहून अधिक किल्ल्यांपैकी जे यादीत नाहीत त्यांच्यावरही पाऊस तेवढाच पडतो.

हे पत्र लिहिणारे आम्ही चुना, दगड आणि जुन्या इमारती लाकडात काम करणारे लोक आहोत. काही गवंडी, काही पाथरवट, काही अभियंते. आमचे पोट या कामावर आहे, म्हणून आमचा स्वार्थ आहे हे आधीच मान्य. पण आमच्या हातचे काम दोन पावसाळ्यांत उखडते तेव्हा नाव गवंड्याचे खराब होते, आणि कारण बहुतेक वेळा कागदावर, कामाच्या तारखेत आणि अंदाजपत्रकात असते. त्याबद्दल गप्प बसणे आता शक्य नाही.

पाऊस बदलला हे सिद्ध करायला आमची गरज नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त आणि दूरवर पसरलेल्या पावसाच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते, हे तर शाळेतले भौतिकशास्त्र. २२ आणि २३ जुलै २०२१ या दोन दिवसांतल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाडजवळच्या तळियेवर डोंगर आला. ७ जुलै २०२४ ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट आले आणि वर गेलेले लोक अडकले. वर्षाची सरासरी फारशी बदललेली दिसत नसेलही, पण तटबंदी पडते ती एका तासात पडलेल्या पावसाने.

तो तास कसा असतो ते हिशोबाने पाहू. गडमाथ्यावरचा एक हेक्टर उतार एका मोरीकडे येतो असे धरा. तासाला ४० मिलिमीटर पाऊस पडला आणि कातळामुळे त्यातला फक्त पाचवा हिस्सा मुरला, तर मोरीपाशी सेकंदाला सुमारे ९० लिटर पाणी येते. तीस सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटरची मोरी स्वच्छ असेल आणि पाण्याला दोन मीटर प्रतिसेकंद वेग मिळाला तर ती १८० लिटर वाहून नेते. म्हणजे निम्मी बुजलेली असली तरी ९० लिटर जातात आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. अशी वर्षानुवर्षे गेली. आता तासाला १०० मिलिमीटर धरा. येणारे पाणी सेकंदाला २२० लिटर. निम्मी बुजलेली मोरी ९० लिटर नेते, उरलेले १३० लिटर तटाच्या पाठीशी साचतात. तासाभरात साडेचार लाख लिटरहून जास्त. मोरी तीच, गाळ तोच, निष्काळजीपणाही तोच. फक्त पूर्वी तो खपून जात होता.

आता हे पाणी तटाला काय करते ते. आपला तट एकसंध दगडाचा नसतो. बाहेर आणि आत घडीव दगडांचे दोन पदर, मधे चुना, माती आणि डबराचे भरण. फांजीवरचा चुन्याचा कोबा फुटला की पाणी भरणात उतरते. बारीक माती पाण्याबरोबर सांध्यांतून बाहेर जाते, पोकळी होते, भरण खाली बसते आणि बाहेरचा पदर पोटाशी फुगतो. शिवाय मागच्या बाजूने पाण्याचा थेट दाब असतो. तीन मीटर उंच पाणी साठले तर तटाच्या दर धावत्या मीटरवर सुमारे साडेचार टनांचा आडवा रेटा येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट, म्हणजे अठरा टन. जुन्या बांधणाऱ्यांनी हे ओळखूनच तटाच्या पायथ्याशी पाणी सोडणारी भोके आणि माथ्यावर बाहेर झुकलेल्या दगडी पन्हळी ठेवल्या. त्या आज अनेक ठिकाणी मातीखाली गेल्या आहेत. काही तर आपल्याच दुरुस्तीत सिमेंटने बंद झाल्या आहेत.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार कामाच्या वेळेची आहे. तट पडतो, पाहणी होते, अंदाजपत्रक बनते, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. हे सगळे उरकून प्रत्यक्ष काम सुरू होते फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण आर्थिक वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा असतो. चुन्याला हे वेळापत्रक मानवत नाही. कळीचा चुना पाण्यात विझवून, गाळून किमान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर मुरवायचा. मग एक भाग चुना, एक भाग वाळू, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) असे काहीसे प्रमाण जागेवरच्या जुन्या चुन्याची तपासणी करून ठरवायचे आणि चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायचे. भरलेल्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, ओल्या गोणपाटाखाली किमान दोन आठवडे ठेवायच्या. त्यानंतर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, महिन्याला जेमतेम काही मिलिमीटर. एप्रिलमध्ये भरलेला सांधा जूनच्या पहिल्या झडीला बाहेरून कडक आणि आतून लोणी असतो.

पूर्वी ७ जूनपर्यंतचा काळ हाती धरता यायचा. आता तोही नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले, त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मार्च-एप्रिलमधला अवकाळी पाऊस तर दरवर्षीचा सोबती झाला आहे. आमच्या मते चुन्याच्या उघड्या कामाची शेवटची तारीख ३१ मार्च असायला हवी, आणि त्यानंतर फक्त झाकलेल्या मांडवाखालचे काम. अंदाजपत्रकात या मांडवाला आणि ताडपत्रीला जागाच नसते. ठेकेदार मग तो खर्च का करील?

दुसरी तक्रार अंदाजपत्रकाच्या आकाराची. त्यात तटाचे घनमीटर असतात, दरजांचे चौरस मीटर असतात, पाण्याचा मार्ग मात्र नसतो. तटाचा कोसळलेला भाग पुन्हा उभा होतो आणि ज्या पाण्याने तो पाडला ते पाणी तिथेच येत राहते. मग शेजारचा पंधरा-वीस मीटरचा तुकडा जातो. क्रम उलटा हवा. आधी गडमाथ्याचा उतार मोजा, पाणी कुठून कुठे जाते ते पहिल्या मोठ्या पावसात वर उभे राहून पाहा, टाक्यांचे सांडवे आणि मोऱ्या उघडा, फांजीचा कोबा बाहेरच्या पन्हळींकडे उतार देऊन नव्याने करा, आणि मगच दगडाला हात लावा. यात लागणारा खर्च नव्या तटाच्या मानाने फार कमी असतो. कदाचित म्हणूनच त्यात कुणाला रस नसावा.

सिमेंटबद्दल किती वेळा लिहायचे? २०१४ च्या राष्ट्रीय जतन धोरणाचा रोख मूळ साहित्याशी आणि पारंपरिक पद्धतीशी सुसंगत काम करण्यावर आहे. तरी दरजांत सिमेंट दिसतेच, वर रंग मिसळून चुन्यासारखे केलेले. सिमेंटच्या मालाची ताकद चुन्याच्या मालापेक्षा कित्येक पट असते, आणि नेमके तेच नको असते. तट हलतो, तापतो, थंड होतो. ती हालचाल सांध्याने झेलायची असते. सांधा दगडापेक्षा कडक झाला की फुटतो तो दगड. त्यातून सिमेंट पाण्याची वाफ बाहेर जाऊ देत नाही, आणि त्यातले सोडियम-पोटॅशियमचे विद्राव्य क्षार दगडात उतरतात. पाऊस जास्त, त्यामुळे ओल जास्त, त्यामुळे क्षारांची ने-आणही जास्त. जांभ्याच्या तटावर याचा परिणाम उघड दिसतो : दगड दोन-तीन इंच आत झिजलेला आणि सिमेंटची जाळी तेवढी बाहेर उभी.

जलदुर्गांचे दुखणे याहून वेगळे आहे, आणि त्यांना डोंगरी किल्ल्यांचेच अंदाजपत्रक लावले जाते ही आमची तिसरी तक्रार. मिठाचे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ विरघळते, खाली आली की त्याचे स्फटिक होतात आणि छिद्रांच्या भिंतींवर दाब टाकतात. कोकणात ऑक्टोबर ते मे या काळात रात्री वर आणि दुपारी खाली असे हे चक्र जवळपास रोज फिरू शकते. पावसातले खंड लांबले आणि ऊन तापले की ते पावसाळ्यातही सुरू होते. खाणीतून काढताना मऊ असलेला जांभा हवेत कडक होतो. ते वरचे कवच एकदा गेले की आतला दगड भराभर झिजतो, म्हणून जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने किंवा वाळूच्या माऱ्याने जांभा ‘स्वच्छ’ करणे हा गुन्हा समजावा.

पण जलदुर्गाचा खरा धोका पायाशी असतो, जिथे कुणी बघत नाही. लाटा आधी मोठ्या दगडांमधल्या चिपा ओढून नेतात. मग मोठा दगड डुलू लागतो, आणि एका उधाणात निघून जातो. त्याच्या वरचे चार-पाच थर त्या वेळी अधांतरी असतात, तरी चुन्याच्या पकडीमुळे एखाददुसरे वर्ष टिकतात. दुरून पाहणाऱ्याला तट धडधाकट दिसतो. पायथ्याची पाहणी अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीलाच करता येते, हाती दोन-तीन तास मिळतात. म्हणजे ही कामे भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ठरली पाहिजेत, कार्यालयीन वेळेवर नव्हे. साधा चुना समुद्राच्या पाण्याखाली घट्ट होत नाही. तिथे पाण्यात आवळणारा जलीय चुना किंवा भरपूर सुरखीचा माल लागतो, आणि त्याआधी दगडी पाचरी व चिपा कोरड्या ठोकून बसवाव्या लागतात. यातले काही न करता एका ठिकाणी काँक्रीटचे ठोकळे टाकले तर लाटेचा मारा त्यांच्या टोकाला, शेजारच्या उघड्या तटावर वाढतो. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गासारख्या किल्ल्यांसाठी समुद्राच्या लाटा आणि वाळूची हालचाल जाणणारा किनारा-अभियंता पाहणीत असल्याशिवाय एकही ठोकळा पडू नये.

डोंगरी गडांवर दुसरीच घाई चालते : सुशोभीकरण. पायवाटांवर काँक्रीट, फरसबंदी, वाहनतळ, कठडे. काँक्रीटची वाट पाऊस मुरू देत नाही आणि उतारावर नाल्याचे काम करते. तिच्या खालच्या टोकाला दरवाजा किंवा बुरूज असेल तर ते पाणी तिथेच आदळते. पन्हाळ्यासारख्या ठिकाणी, जिथे माथ्यावर जांभ्याचा थर आहे, कड्याजवळ मुरलेले आणि अडलेले पाणी उतार सैल करते. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा गडाची वाट कशी तुटते ते सगळ्यांनी पाहिले. प्रत्येक नव्या सोयीबरोबर तिचे पाणी कुठे सोडणार याचा नकाशा जोडणे सक्तीचे करा. आम्ही सोयींच्या विरोधात नाही. शौचालये तर हवीतच.

झाडांबद्दल थोडक्यात, कारण यात हौशी मंडळींचाही हात आहे. तटातला पिंपळ किंवा वड वरून छाटला की मुळे अधिक जोराने फुटतात. उपटला तर मुळांबरोबर दगड येतात. बुंधा खाली कापून मुळे औषधाने मारावी लागतात, वाळू द्यावी लागतात, मग हळूच काढून पोकळीत चुन्याचा पातळ माल खालून वर भरावा लागतो. तोही एका दिवसात मीटरभराच्या वर नाही, नाहीतर ओल्या मालाच्याच दाबाने बाहेरचा पदर सुटतो. हे काम ऑक्टोबर ते जानेवारीतले आहे. मे महिन्यात श्रमदानाने तट ‘साफ’ करून त्याला उघड्या भोकांनिशी पावसाच्या तोंडी देण्यापेक्षा झाड परवडले. दुर्गसंवर्धन संस्थांची माणसे मनापासून येतात. त्यांना अडवू नका, शिकवा, आणि परवानगीचे हो-नाही महिनाभरात लेखी कळवा.

लेण्यांचे वेगळे पत्र लिहावे लागेल. एवढेच सांगतो : अजिंठ्याची चित्रे भुसा आणि वनस्पतींचे तंतू घातलेल्या मातीच्या लेपावर, पातळ चुन्याच्या हातावर काढलेली आहेत. पाणी डोंगराच्या माथ्यावरून, बेसाल्टच्या भेगांतून आणि दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यांतून छताकडे येते. त्यामुळे उपाय आत नाही, वर आहे. माथ्यावरचे पाणी वळवणारे चर पावसाच्या नव्या प्रमाणाला पुरतात का, हे तपासून जाहीर करा. मोडी दफ्तरे ठेवलेल्या इमारतींच्या गच्च्यांनाही हेच लागू आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदाला बुरशी धरते, आणि त्यासाठी भिंत कोसळावी लागत नाही.

शेवटची तक्रार मोजमापाची. गडावर किती पाऊस पडतो हे बहुतेक ठिकाणी मोजलेच जात नाही. आकडा येतो पायथ्याच्या केंद्रावरून, आणि घाटमाथ्यावर पायथा आणि माथा यांत मोठा फरक असतो. भेग पाच वर्षांपूर्वी किती होती हे कुणाला सांगता येत नाही. पडलेल्या तटाचे जुने फोटो पर्यटकांकडे सापडतात, कार्यालयात नाही. आणि पडल्यानंतर घडीव दगडांचे काय होते? यंत्र लावून ढीग बाजूला सारला की कुठला दगड कुठल्या थरातला हे कायमचे हरवते, कडा फुटतात, आणि मग नवा दगड आणावा लागतो. पडझडीवर आधी चौकटी आखून फोटो, मग दगडांना क्रमांक, मग त्याच क्रमाने मोकळ्या जागेत मांडणी. हे चार माणसांचे आठवड्याचे काम आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक संरक्षित किल्ल्याला पावसाआधीच्या देखभालीसाठी दरवर्षी स्वतंत्र रक्कम द्या, कोसळलेल्या भागाच्या दुरुस्तीतून वेगळी. ती १ ऑक्टोबरला हातात असावी. सुरुवातीला दुरुस्तीच्या एकूण तरतुदीच्या दहा टक्के पुरे.

२. चुन्याच्या कामांना मार्चअखेर खर्च दाखवण्याच्या अटीतून सूट द्या आणि काम दोन हंगामांत विभागून देण्याची सोय करा.

३. पाण्याच्या मार्गाचा नकाशा आणि मोऱ्यांच्या क्षमतेचा हिशोब जोडल्याशिवाय तटबंदीच्या कोणत्याही अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता देऊ नका. हिशोब गेल्या तीस वर्षांच्या तासागणिक पावसावर असावा, वर पंचवीस टक्के वाढ धरून.

४. चुना, सुरखी, घाणी, मांडव, गोणपाट, दगडांची क्रमांकवारी या बाबी दरसूचीत घाला. जे दरसूचीत नाही ते निविदेत येत नाही, आणि सर्वांत कमी दराच्या निविदेत तर अजिबातच नाही.

५. जागतिक वारसा यादीतल्या महाराष्ट्राच्या अकरा किल्ल्यांवर पहिल्या वर्षात, इतरांवर टप्प्याटप्प्याने, दर पंधरा मिनिटांची नोंद करणारे पर्जन्यमापक बसवा. धोक्याच्या भेगांवर मापपट्ट्या लावा. महिन्यातून एकदा, आणि हवामान खात्याच्या व्याख्येने अत्यंत मुसळधार, म्हणजे दिवसाला २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की लगेच वाचन घ्या. आकडे लोकांना पाहता येतील असे ठेवा.

६. लाल इशारा असेल त्या दिवशी गड बंद ठेवण्याचा निर्णय आदल्या संध्याकाळी जाहीर व्हावा, आणि नारिंगी इशारा आला की मोऱ्या बघायला माणूस वर जावा. त्यासाठी गडाखालच्या गावातल्या दोघांना जून ते सप्टेंबर मानधनावर नेमा. फावडे, पहार, दोर आणि मोबाईल एवढे त्यांना पुरते.

येत्या १ ऑक्टोबरच्या आत यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे लेखी आणि जाहीरपणे कळवावे. पुढच्या पावसाळ्याआधी काम करायचे असेल तर चुना तेव्हाच विझवायला घ्यावा लागेल.

आपले,
चुना-दगडात काम करणारे काही गवंडी, पाथरवट आणि अभियंते